कुटार उकडावं, वाफवावं की चुन्यात बुडवावं?

सोयाबीनची मळणी आटोपली की अमरावती-अकोल्याच्या शिवारात कुटाराच्या गंज्या उभ्या राहतात. दिवाळीनंतर हवेत गारवा येतो आणि त्याच सुमारास धिंगरी अळिंबीचं प्रशिक्षण घेऊन आलेले लोक, त्यात बचत गटातल्या बायाच अधिक, कोठ्याच्या एका कडेला किंवा घरामागच्या खोलीत पिशव्या टांगू लागतात. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, अमरावती जिल्ह्यात घातखेड आणि दुर्गापूरची कृषी विज्ञान केंद्रं आहेत. शिकायला जागा नाही असं नाही. बियाणं किती टाकायचं, पिशवीला भोकं किती पाडायची, पाणी किती वेळा फवारायचं, सगळं वहीत लिहिलेलं असतं. तरी पंधरा दिवसांत निम्म्या पिशव्या हिरव्या पडतात आणि "बियाणंच खराब आलं" म्हणून विषय मिटवला जातो. बियाणं कधीकधी खरंच जुनं असतं. पण बहुतेक वेळा घोळ त्याच्या आदल्या दिवशी, कुटार तयार करतानाच झालेला असतो.

कुटार निर्जंतुक करायच्या घरगुती पद्धती पाच-सहा आहेत आणि प्रत्येकीचे भक्त आहेत. कोणती पद्धत जास्त जंतू मारते यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. वऱ्हाडात तरी निवड वेगळ्याच गोष्टींवर ठरते: विहिरीचं पाणी कसं आहे, चुलीत काय जळणार आहे आणि कॅलेंडरवर महिना कोणता आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. धिंगरीला पूर्ण निर्जंतुक कुटार लागतच नाही. प्रयोगशाळेत बियाणं तयार करताना ज्वारीचे किंवा गव्हाचे दाणे १२१ अंश सेल्सिअसला, दाबाखाली शिजवतात, कारण तिथे एकही जंतू चालत नाही. कुटाराचं तसं नाही. ६० ते ७० अंशांची ओली उष्णता तासभर मिळाली की बुरशांचे बहुतेक बीजाणू, किडींची अंडी, अळ्या, सूत्रकृमी मरतात. उष्णता सोसणारे काही जिवाणू मात्र टिकतात. हे टिकलेले जिवाणू धिंगरीला त्रास देत नाहीत, उलट जागा धरून ठेवतात आणि बाहेरून येणाऱ्या बुरशीला सहजी पाय रोवू देत नाहीत. सगळंच मारून टाकलं तर कुटार म्हणजे मोकळं रान. मग उघड्या खोलीत पिशवी भरताना हवेतून जो बीजाणू पहिला पडेल, त्याचं राज्य. म्हणून घरगुती कामात उद्देश अर्धवट मारण्याचाच असतो, आणि पाश्चरीकरण म्हणतात ते हेच. दूध ६३ अंशांवर अर्धा तास ठेवतात त्यामागेही हाच हिशेब आहे.

पिशवीत जो हिरवा बुरा दिसतो तो बहुतेक वेळा ट्रायकोडर्माचा. हे नाव वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. हरभऱ्याची, तुरीची मर आटोक्यात ठेवायला आपण बियाण्याला चोळतो ती हीच बुरशी. शेतात ती मित्र आहे, कारण दुसऱ्या बुरशांना खाते. आणि अळिंबी ही शेवटी बुरशीच. ज्या घरात हरभरा पेरणीच्या दिवसांत ट्रायकोडर्माची पुडी फोडली, त्याच घरात, त्याच घमेल्यात, त्याच हातांनी धिंगरीची पिशवी भरली तर पुढचं सांगायला नको. योगायोग असा की हरभऱ्याची पेरणी आणि धिंगरीचा पहिला हंगाम एकाच महिन्यात येतात. ही गोष्ट शिकवणाऱ्यांनी जितक्या ठासून सांगायला हवी तितक्या ठासून सांगितली जात नाही.

आता कच्चा माल. पुस्तकातल्या बहुतेक शिफारशी गव्हांडा किंवा भाताचं तणस गृहीत धरून लिहिल्या आहेत. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९६२ साली झकिया बानो आणि श्रीवास्तव यांनी धिंगरी घेतली ती भाताच्या तणसावर, आणि देशभरची पद्धत त्याच वळणाने पुढे गेली. आपल्याकडे भात नाही. आहे ते सोयाबीनचं कुटार, हरभऱ्याचं कुटार, तुरीचा भुसा, ज्वारीचा कडबा, थोडा गव्हांडा आणि पराटीचे, म्हणजे कपाशीच्या काड्यांचे, डोंगर. सोयाबीनच्या कुटारावर धिंगरी चांगली येते, पण ते वागायला गव्हांड्यासारखं सरळ नाही. त्यात शेंगांची फोलपटं, बारीक भुकटी, फुटके दाणे असतात. भुकटी पाण्यात बसून लगदा होते आणि पिशवीच्या तळाशी हवा कोंडते. डाळवर्गी पीक असल्याने नत्र जास्त, म्हणून ओलं कुटार ढिगात आपोआप तापतं आणि बुराही लवकर धरतं. फुटका दाणा तर बुरशीला आयतं जेवण. कुटार आधी चाळून, भुकटी आणि दाणे काढून मगच भिजवलं तर निम्मा त्रास वाचतो. पराटी लाकडासारखी कडक. कुट्टी यंत्रातून काढून बारीक केल्याशिवाय तिच्यात पाणी शिरत नाही आणि पाणी शिरलं नाही तर उष्णताही पोचत नाही.

हा मुद्दा सगळ्या उष्ण पद्धतींना लागू आहे. कोरड्या बीजाणूला उष्णता सहज सोसते, भिजून फुगलेल्याला सोसत नाही. म्हणून आदल्या रात्री कुटार चुंगडीत भरून साध्या पाण्यात बुडवून ठेवायचं. पाण्यावर तरंगू नये म्हणून वर दगड ठेवायचा. सकाळी निथळायचं आणि मग गरम करायचं. रात्रभर भिजवण्याला फाटा देणारा माणूस नंतर कितीही सरपण जाळो, उपयोग नाही.

गरम पाण्याची पद्धत सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत जास्त शिकवली जाणारी. ड्रममध्ये पाणी ८० अंशांपर्यंत तापवायचं, भिजवलेल्या कुटाराची चुंगडी त्यात सोडायची आणि पाणी ६५ ते ७० अंशांच्या खाली जाऊ न देता एक तास ठेवायची. थंड चुंगडी पडली की पाणी लगेच दहा-पंधरा अंशांनी उतरतं, म्हणून सुरुवात ८० पासून. नवख्याला हीच पद्धत बरी, कारण पाणी सगळीकडे सारखं तापतं आणि थर्मामीटर बुडवला की आकडा कळतो. अडचण सरपणाची. दहा किलो कोरड्या कुटाराला साधारण शंभर लिटर पाणी लागतं. ते २५ वरून ८० अंशांवर न्यायला ५,५०० किलोकॅलरी उष्णता हवी. साध्या तीन दगडांच्या चुलीत लाकडाची उष्णता दहा-पंधरा टक्केच भांड्याला लागते, बाकी वाऱ्यावर जाते. म्हणजे एका खेपेला दहा ते चौदा किलो लाकूड. गॅसवर केलं तर पाऊण ते एक किलो गॅस. तेच पाणी ओतून न देता दुसऱ्या, तिसऱ्या चुंगडीला वापरलं तर खर्च बराच उतरतो. पण पाणी चहासारखं काळपट होत जातं, त्यात कुटारातली साखर उतरलेली असते, आणि ते रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी वापरणं म्हणजे जिवाणूंचं सूप परत तापवणं.

वाफेच्या ड्रमचा हिशेब वेगळा निघतो. दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम घ्यायचा. तळात तीन-चार विटा उभ्या ठेवायच्या, त्यावर लोखंडी जाळी, जाळीखाली पंधरा-वीस लिटर पाणी. वर भिजवून निथळलेलं कुटार सैल भरायचं, मध्ये एक बांबू उभा धरून. भरून झालं की बांबू ओढून काढायचा. त्या भोकातून वाफ मधल्या गाभ्यापर्यंत जाते. वर ओली चुंगडी आणि तिच्यावर झाकण, पण घट्ट नाही. झाकण आवळून बांधलेला, वाफेला वाट नसलेला ड्रम फुटू शकतो, हे गमतीत घेण्यासारखं नाही. इथे शंभर लिटर मोकळं पाणी तापवायचं नसतं, फक्त कुटारातलं पाणी आणि तळातलं पाणी तापतं. कुटाराच्या किलोमागे सरपण ढोबळमानाने निम्मं लागतं. झाकणाच्या कडेने दाट वाफ यायला लागली म्हणजे झालं, असं समजू नये. वाफ भोकातून सरळ वर येते आणि कडेचं कुटार अजून कोमट असतं. वाफ सुरू झाल्यावर तासभर तरी जाळ चालू ठेवावा. कुटार ९० अंशांच्या पुढे गेलं तरी १०० अंशांना चिवट जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत, त्यामुळे जागा धरून ठेवणारे ते पहारेकरी जिवाणू अगदीच संपतात असं नाही. मात्र दोन-तीन तास उकडत ठेवून फायदा काही नाही, सरपण तेवढं जातं.

थर्मामीटर नसेल तर मधमाशीचं मेण कामाला येतं. ते ६२ ते ६४ अंशांना वितळतं. त्याचा हरभऱ्याएवढा खडा बुचाच्या काचेच्या बाटलीत टाकायचा, खडा वरच्या टोकाला चिकटवून बाटली कुटाराच्या मध्यात, आडवी न होईल अशी पुरायची. ड्रम उतरवल्यावर मेण तळाशी ओघळून गोठलेलं दिसलं तर गाभ्याने ती उष्णता गाठली. वर चिकटलेलंच असेल तर पिशव्या भरू नयेत, पुन्हा जाळ लावावा. दुकानातली पॅराफिनची मेणबत्ती यासाठी चालत नाही. तिचा वितळणबिंदू कमी असतो आणि कंपनीगणिक बदलतो. किती वेळ तापलं हे मेण सांगत नाही, कुठपर्यंत तापलं एवढंच सांगतं. पण ड्रमच्या मधोमध हात घालून "तापलं वाटते" म्हणण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

सरपण म्हणून वऱ्हाडात पराटीच जळते, आणि तिथे एक पेच आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस खाल्ला तेव्हापासून कृषी विभाग सांगतो आहे की पराटीचे ढीग बांधावर, घराजवळ साठवू नका. वाळक्या बोंडांत अळी सुप्त पडून राहते. अळिंबीच्या ड्रमसाठी उन्हाळ्यापर्यंत पराटी रचून ठेवणं शेजाऱ्याच्याही कापसाला महागात पडू शकतं. जानेवारी-फेब्रुवारीत उपटलेली पराटी त्याच हंगामात जाळून संपवावी किंवा कुट्टी करून ठेवावी. तुराट्या या कामाला जास्त सोयीच्या.

चुन्याची पद्धत गेल्या काही वर्षांत फार बोलली जाते, कारण तिला जाळ लागत नाही. विझवलेला चुना पाण्यात घातला की पाण्याचा सामू १२ च्या वर जातो आणि एवढ्या अल्कधर्मी पाण्यात बारा ते अठरा तासांत बहुतेक बुरशा आणि जिवाणू मरतात किंवा मरगळतात. बाहेर काढून निथळल्यावर हवेतल्या कार्बन डाय-ऑक्साइडने सामू हळूहळू उतरतो. धिंगरी थोडा अल्कधर्मीपणा सोसून वाढायला लागते, बुरशीला ते लवकर जमत नाही. चुना पाण्यात फार कमी विरघळतो, लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅमच. शंभर लिटरला पावणेदोनशे ग्रॅम विरघळेल. वर थोडा जास्त घालायचा तो राखीव म्हणून, तळाशी बसलेला, खर्च होईल तसा विरघळणारा.

इथे आपल्या दोन जिल्ह्यांचं पाणी मध्ये येतं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाण्यात पसरलेला आहे. त्या विहिरींच्या पाण्यात सोडियम आणि बायकार्बोनेट भरपूर. चुना टाकला की त्याचा एक भाग बायकार्बोनेटशी आणि मॅग्नेशियमशी भिडण्यातच संपतो आणि पांढरा गाळ होऊन तळाला बसतो. त्यामुळे परतवाड्याच्या गोड्या पाण्यात जमलेलं माप दर्यापुरात जमेलच असं नाही. माप पाठ करण्यापेक्षा सामू मोजण्याची कागदी पट्टी वापरावी आणि १२ दिसेपर्यंत चुना वाढवावा. हळदीचं बोट लावून लाल रंग आला म्हणून समाधान मानणारे आहेत, पण हळद आठ-साडेआठलाच लाल होते. तिथून बारापर्यंत मजल फार लांब आहे. शिवाय चुन्याने मीठ जात नाही. खारं पाणी रात्रभर प्यायलेलं कुटार खारंच राहतं. खारपाणपट्ट्यात शेततळ्याचं किंवा छतावरून साठवलेलं पावसाचं पाणी भिजवण्यापुरतं वापरावं आणि पुढे वाफ द्यावी, असं मला वाटतं. ड्रमच्या तळातलं पाणी खारं असलं तरी वर चढणारी वाफ गोडी असते, मीठ खालीच राहतं.

चुन्याचं पाणी हाताची कातडी सोलतं आणि डोळ्यात गेलं तर दृष्टीवर बेततं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हे काम करू नये, पोराटोरांना जवळ येऊ देऊ नये. कळीचा चुना घरी विझवण्याच्या भानगडीत तर पडूच नये. विझवलेली पूड मिळते. वापरलेलं पाणी शेतात सोडण्याचाही मोह होतो. आपल्या काळ्या जमिनीत आधीच चुनखडी भरलेली आहे, तिला आणखी चुना नको.

रासायनिक पद्धतीवर मी थोडक्यात बोलणार आहे, कारण ती सगळ्यांना माहीत आहे. शंभर लिटर पाण्यात सात-साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिलिलिटर फॉर्मलिन, त्यात कुटार सोळा-अठरा तास बुडवून झाकून ठेवायचं. ही कृती १९८० च्या दशकात सोलनच्या अळिंबी संशोधन केंद्रातून पुढे आली आणि देशभर पसरली. चालते ती, यात शंका नाही: कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्माला दाबतं आणि धिंगरीला त्या मात्रेत सोडतं. कृषी सेवा केंद्रात पुडी मिळते, जाळ लागत नाही, शंभर पिशव्यांचं कुटार एका रात्रीत होतं. पण फॉर्मलिनमधलं फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग करतं, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. २०२० च्या मे महिन्यात केंद्र सरकारने २७ कीडनाशकांवर बंदीचा जो मसुदा काढला, त्या यादीत कार्बेन्डाझिमचं नाव होतं. मसुदा पुढे तसाच्या तसा अमलात आला नाही, ते सोडा. बंद कोठ्यात, हातमोज्यांशिवाय, ड्रमवर वाकून ओलं कुटार उपसणारी बाई दर खेपेला तो वास छातीत घेते. त्याच मालावर "विषमुक्त" असं लेबल लावून शहरात विकणं मला पटत नाही. घरगुती प्रमाणावर, दहा-वीस पिशव्यांसाठी, या पद्धतीची गरज नाही.

राख, आणि कुटार आठवडाभर पाण्याखाली आंबवणं, अशा आणखी दोन पद्धती सांगितल्या जातात. राखेने सामू चुन्याइतका चढत नाही आणि प्रत्येक चुलीची राख वेगळी. आंबवण्यात हवेविना वाढणारे जिवाणू बाकीच्यांना हुसकावतात आणि बाहेर हवेत आले की स्वतः मरतात. कल्पना चांगली, वास असा की शेजारी भांडायला येतील.

उन्हाचं प्रकरण जास्त विचार करण्याजोगं आहे. वऱ्हाडात फुकट मिळणारी एकच उष्णता आहे आणि ती अतोनात आहे. मे २०२४ च्या अखेरीस उन्हामुळे अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावावं लागलं होतं. पारा ४५ च्या पुढे असताना प्लास्टिकखाली झाकलेल्या ओल्या कुटाराचा वरचा थर ६० अंशांच्या आसपास सहज जातो. १९७६ साली इस्रायलच्या याकोव काटान यांनी पारदर्शक प्लास्टिक अंथरून जमिनीतल्या रोगकारक बुरशा मारता येतात हे दाखवलं, तेव्हापासून शेतीत हा उपाय रुळला आहे. मग कुटाराला का नाही?

अडचण दोन ठिकाणी आहे. ऊन वरून तापवतं; थर चार बोटांपेक्षा जाड झाला की तळ कोमट राहतो आणि कोमट, ओलं कुटार म्हणजे बुरशीची नर्सरीच. थर पातळ ठेवून दोन-तीन दिवस, रोज उलथापालथ करत तापवावा लागतो. दुसरी अडचण हंगामाची. धिंगरीला २० ते ३० अंश तापमान हवं. ऊन कडक असतं तेव्हा धिंगरी येत नाही, आणि धिंगरी येते त्या डिसेंबरात उन्हाला ताकद नसते. चिखलदरा हजार मीटरपेक्षा उंच असल्याने तिथे धिंगरीचा हंगाम लांबतो, पण तिथलं ऊनही तेवढंच सौम्य.

मात्र दुधी अळिंबी घेतली तर हे गणित जुळतं. ती ३० ते ३५ अंशांत वाढते. तमिळनाडू कृषी विद्यापीठाने तिचा एपीके २ हा वाण १९९८ मध्ये दिला. ओलसर पडदे लावून खोली ३५ च्या आत ठेवता आली तर मार्च-एप्रिलपासून ती घेता येते. आणि तिला कुटाराशिवाय वरून माती-शेणखताचा थर लागतो, त्या थराचं पाश्चरीकरणही करावं लागतं. मातीचा थर पातळ पसरून, ओला करून, पारदर्शक प्लास्टिकखाली आठवडाभर अकोल्याच्या उन्हात ठेवणं यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही. कुटार वाफेच्या ड्रममध्ये आणि माती उन्हात, अशी जोडी वऱ्हाडाच्या उन्हाळ्याला शोभते. यावर आपल्याकडे पद्धतशीर प्रयोग व्हायला हवेत.

पद्धत कोणतीही असो, पुढची पायरी दुर्लक्षित राहते. उकडलेलं कुटार ताडपत्रीवर पसरून थंड करायचं, पण ती ताडपत्री मळणीला वापरलेली असते, धुळीने माखलेली. आधी धुवून उन्हात वाळवलेली, वेगळी ठेवलेली ताडपत्री हवी. कुटार कोमट, ३० अंशांच्या खाली आल्याशिवाय बियाणं टाकू नये. गरम कुटारात बियाण्याचे दाणे होरपळतात. ओलावा मुठीने तपासायचा: घट्ट दाबल्यावर पाणी ठिबकू नये, पण तळहात ओला झाला पाहिजे. सोयाबीनचं कुटार निथळायला गव्हांड्यापेक्षा जास्त वेळ घेतं. घाईने पिशवी भरली की तळाशी पाणी साचतं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी आंबूस वास येतो. तो वास आला की ती पिशवी खोलीतून काढून लांब खड्ड्यात गाडावी. हिरवा बुरा दिसल्यावर तर पिशवी आत उघडूच नये. हलवलं की हिरवी धूळ उडते आणि बाकीच्या पिशव्यांवर बसते.

एक गोष्ट यांतली कोणतीच पद्धत करू शकत नाही. कपाशीवर, सोयाबीनवर मारलेलं कीडनाशक ६५ अंशांनी, वाफेने किंवा चुन्याने भरवशाने जात नाही. २०१७ साली यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती औषधं कपाशीवरच मारलेली होती. पराटीच्या कुट्टीवर अळिंबी घ्यायची असेल, तर ती कुट्टी शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी उपटलेल्या पराटीची आहे, कोणतं औषध मारलं होतं, हे माहीत असायला हवं. सोयाबीनलाही तेच. विकत आणलेल्या कुटाराचा हा इतिहास विकणाऱ्याला सांगता येत नाही. त्यामुळे धिंगरीपुरतं दोन-चार पोती कुटार आपल्याच शेताच्या अशा तुकड्यातून काढावं, जिथे फुलोऱ्यानंतर फवारणी केलेली नाही. मळणीच्या दिवशीच ते वेगळं भरून, पोत्यावर खूण करून, ओल लागणार नाही अशा जागी ठेवावं. अवकाळी पावसात भिजलेली गंजी वरून कितीही पिवळी दिसली तरी आतून काळी पडलेली असते. ती गुरांना घालवत नाही, तशी ड्रममध्येही घालू नये.